जगधने सरांचा चौकोन

मॅचच्या दिवशी आमच्या शाळेच्या मैदानावर पहिली रेघ पडायची ती पालकांची. मधली रेघ, गोलची रेघ, कोपऱ्यातले झेंडे हे सगळं नंतर. जगधने सर सकाळीच फक्कीची बादली घेऊन यायचे, थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बाभळीपाशी जायचे आणि पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर एक चौकोन आखायचे. बैल सोडलेली गाडी मावेल एवढा. मग दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून बघायचे आणि समाधान झालं की म्हणायचे, "झाला कोंडवाडा. चला, आता ग्राउंड आखू."

या कोंडवाड्यात पालकांनी उभं राहायचं. रेघेबाहेर पाय पडला की मॅच बंद. हे ते नुसतं म्हणायचे नाहीत, करायचे. एकदा एक गृहस्थ पानाची पिचकारी टाकायला म्हणून चौकोनाबाहेर गेले, तर सरांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. पंच दुसरेच होते, पण त्यांनीही घाबरून आपली शिट्टी खाली घेतली. दोन्हीकडची पोरं, पंच आणि मी, सगळे त्या गृहस्थाचं थुंकून होईपर्यंत उभे. ते परत आत आले तेव्हा सरांनी हॅट काढून त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "जंटलमन, मोकळं वाटलं ना? मग खेळू का?"

नगरच्या त्या मिशनच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. फुटबॉलमधलं मला इतकंच कळायचं की तो हातात घेतला की लोक ओरडतात. पण एका मीटिंगमध्ये मुख्याध्यापक खेळांबद्दल बोलत असताना मी खिडकीबाहेर मैदानाकडे बघत होतो. त्यांना वाटलं, मला आवड आहे. त्यांनी मला टीमचा मॅनेजर करून टाकलं. मॅनेजरचं काम म्हणजे लिंबं कापायची, पोरांचे कपडे सांभाळायचे आणि पाण्याची कळशी भरून ठेवायची. पहिल्याच दिवशी जगधने सरांनी त्यात भर घातली. "देशपांडे मास्तर, पोरांकडं मी बघतो. तुम्ही पालक सांभाळा. तुमचं काम जास्त अवघड आहे."

शमुवेल जगधने हे आमचे व्यायामशिक्षक. बुटके, पायांनी किंचित फेंगडे, खाकी हाफपँट, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी आणि डोक्यावर कुणा गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना दिलेली हॅट. त्या हॅटचा मूळ रंग साहेबालाच माहीत. आवाज असा की मैदानावर ते "पास!" म्हणाले की भिंगारच्या रस्त्यावरचा टांगेवाला बाजूला व्हायचा. लग्न केलं नव्हतं. बोर्डिंगच्या टोकाच्या खोलीत राहायचे आणि तिथं त्यांच्या कॉटखाली बुटांऐवजी फुटबॉल असायचे.

रविवारी मात्र कोट घालून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या बाकावर. प्रवचन लांबलं की त्यांचा उजवा पाय हलायला लागायचा. बाहेर पडताना ते पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन गंभीरपणे सांगायचे, "आज एक्स्ट्रा टाइम फार झाला हं." पाळकसाहेब रागवायचे नाहीत. त्यांचा मुलगा टीममध्ये राइट आउट होता.

सरांचं एक पक्कं मत होतं. "खेळाडू घडवता येतो. पंच सुधारता येतो. पालक हा वरनं आलेला असतो, त्याला इलाज नाही." आणि मॅच सुरू झाली की दर पाच-दहा मिनिटांनी त्या चौकोनाकडे तोंड करून त्यांची आरोळी ठरलेली असायची. "जंटलमन, खेळ बघा! पोरगं बघू नका!"

पण पालक पोरगंच बघायचे. कापड बाजारातले पोपटशेठ तर फक्त आपल्या सुरेशचे पाय बघायचे. सुरेश लेफ्ट आउटला खेळायचा आणि बरा खेळायचा. त्यानं एकदा जिवाचा आटापिटा करून बॉल काढला आणि सुंदर पास दिला. चौकोनात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोपटशेठ मात्र कपाळाला हात लावून उभे. मॅच संपल्यावर ते सरांकडे आले. "सर, एवढ्या कष्टानं हातात आलेला माल. तो लगेच दुसऱ्याला देऊन टाकला? फुकट? असं शिकवता तुम्ही?" सर शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्ही दुकानात सगळं कापड धरून बसता का?" शेठ म्हणाले, "मी पैसे घेऊन देतो." सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅनेजर, हे तुमचं डिपार्टमेंट."

दुसऱ्या आमच्या सिस्टरबाई. दवाखान्यात नर्स होत्या, फार प्रेमळ. त्यांचा प्रभाकर म्हणजे आमचा फुलबॅक, अंगानं हा एवढा. तो कुणावर आदळला की समोरचा पोरगा पडायचा आणि प्रभाकर उभाच असायचा. तरी बाई टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन चौकोनातून सुटायच्या आणि पडलेल्याला ओलांडून प्रभाकरचा गुडघा तपासायच्या. सरांनी त्यांना खूप समजावलं. शेवटी त्यांनी सिस्टरबाईंच्या पायांभोवती आणखी एक छोटा चौकोन आखला. मोठ्या चौकोनातला चौकोन. बाई त्यात उभ्या राहून रडायच्या, पण निघायच्या नाहीत.

सगळ्यांत मोठी लढाई ऑफसाइडची. दुष्काळाचं साल होतं. पाऊस नव्हता, मैदानात चिखलाऐवजी फुफाटा, आणि रेशनवर मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी. त्या लाल मिलोच्या रांगेत उभं राहून सगळ्यांचे पाय दुखत होते. सर म्हणायचे, "देवबापा, यांना ऑफसाइड कळेपर्यंत तरी मला आयुष्य दे." अनेक वर्षं त्यांनी काड्या, खडे, टोप्या मांडून ऑफसाइड समजावला होता. कुणाला कळला नव्हता. त्या वर्षी त्यांना एकदम सुचलं. चौकोनापुढं उभं राहून त्यांनी विचारलं, "रेशनचं दुकान उघडायच्या आधीच एखादा मागल्या दारानं आत शिरला आणि पोत्यापाशी जाऊन उभा राहिला, तर चालेल का?"

"नाही!" सगळा चौकोन गरजला.

"तोच ऑफसाइड."

इतकं स्पष्ट कुणालाच कधी काही कळलं नव्हतं. सर आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारून गेले. पण पुढच्या मॅचला पाळकसाहेबांचा पोरगा एकटाच बॉल घेऊन गोलकडे सुसाट निघाला. पुढं फक्त गोलकीपर उरला होता, आणि चौकोनातून एकमुखानं आवाज आला, "ए, रांगेत ये!" पोरगं दचकलं, थांबलं, मागं वळून बघायला लागलं. बॉल दुसऱ्यांनी नेला. सरांनी हॅट काढून जमिनीवर आपटली, तिच्यावर उभे राहिले आणि बराच वेळ उतरले नाहीत.

असा हा माणूस. पालक मैदानाच्या फाटकातून आत येताना दिसले की यांच्या कपाळाची शीर उडायची. त्यामुळं सोनईच्या रंभाजी तात्यांपुढं सर जसे वागले, ते बघून मी चाटच पडलो.

रंभाजी तात्या हे आमच्या गोलकीपरचे, बबनचे वडील. बबन बोर्डिंगात राहायचा. तात्यांनी त्याला इंग्रजी यावं आणि पुढं शुगर फॅक्टरीत खुर्ची मिळावी म्हणून नगरला ठेवलं होतं. स्वतः तात्या एकेकाळचे पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली. एका शनिवारी ते पोराला भेटायला आले आणि योगायोगानं मॅच चालू होती. चौकोनात उभं राहून त्यांनी अर्धा तास बघितलं. मग रेघ ओलांडून सरळ सरांकडे आले. मी डोळे मिटून घेतले.

"मास्तर, आमच्या पोराचं काय चुकलं?"

"कुठं काय चुकलं?"

"मंग सगळी पोरं पळत्यात, ह्यालाच येकट्याला तिकडं जाळीपशी का हुबं केलंय? कसली शिक्षा हाय ही?"

मी वाट बघत होतो, आता हॅट जमिनीवर येणार. सर हळू आवाजात म्हणाले, "शिक्षा नाही तात्या. ती सगळ्यात मोठी जागा आहे."

"मोठी? आवो, ढोरं राखाय बसवल्यावानी हुबं हाय ते! बगा, जांभई देतंय!" आणि बबननं खरोखरच त्याच वेळी जांभई दिली.

जाताना तात्या बजावून गेले. पोरगं त्यांनी तालमीत घालायचं ठरवलं होतं. दुष्काळ असला तरी दारात दोन म्हशी दूध देत होत्या. सुट्टी लागली की बबनला सोनईला न्यायचं, परत पाठवायचं नाही.

त्या दिवसापासून सरांचं लक्ष उडालं. सरावाला ते बबनच्या गोलमागं जाऊन उभे राहायचे आणि काहीच ओरडायचे नाहीत. मग एका रविवारी देवळातून तसेच कोटात माझ्या घरी आले. मी तेव्हा सावेडीला राहायचो. तिकडं घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि सर इतक्या लांब कधी आले नव्हते. दारातूनच म्हणाले, "मास्तर, सोनईला जाऊन येऊ. तुम्ही मराठीचे, तुम्हाला बोलता येतं. मला नुसतं ओरडता येतं."

आम्ही एस.टी.नं गेलो. तात्यांनी ओसरीवर घोंगडं टाकलं, दुधाचा चहा दिला. मी व्यायाम, शील, बंधुभाव अशा सगळ्या विषयांवर बोललो. दहावीच्या निबंधात बसला असता असा एकही मुद्दा सोडला नाही. तात्या माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि एक अक्षर ऐकत नव्हते. माझं संपल्यावर त्यांनी आपलं सुरू केलं. कुस्तीचा फड कसा असतो ते सांगितलं. दोघंच समोरासमोर, बाकी सगळे लांब. एकाची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. मग आपली माणसं आत घुसतात, पैलवानाला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. "आत कोन घुसलंच न्हाई, तर मानूस जिकून बी हारल्यावानी दिसतो मास्तर. खर्ड्याच्या जत्रंत मला खांद्यावरनं खाली टेकू दिलं नव्हतं लोकांनी."

"मी खर्ड्याचाच," सर एकदम बोलले.

"व्हय? मंग घरचं कोन हाय तिथं?"

"कोणी नाही," सर म्हणाले आणि घाईनं त्यांनी विषय बदलला. "तात्या, असा गोलकीपर आजवर माझ्या हाताखाली आला नाही. खरं सांगतो."

"मंग त्याला खेळवा की! हुबा का करता?"

बोलून बोलून शेवटी तात्या एवढ्यावर आले. टुर्नामेंटच्या उरलेल्या मॅचेस ते येऊन बघणार. पोरगं काही करताना दिसलं तर राहील. नुसतं उभं दिसलं तर त्याच संध्याकाळी ट्रंकेसकट सोनईला.

परतीच्या गाडीत सर हॅट मांडीवर घेऊन बसले होते. घोडेगाव मागं पडल्यावर म्हणाले, "अवघड आहे. माझे बॅक फार चांगले आहेत."

"मग बरंच की."

"बरं कसलं? बॅक चांगले असले की गोलकीपरला काम नसतं. मी जितकी चांगली टीम करणार, तितकं ते पोरगं उभं दिसणार." ते खिडकीबाहेर बघत राहिले. आपण चांगलं काम केलं याचा एवढा पश्चात्ताप झालेला दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही.

सेमीफायनलला तसंच झालं. आम्ही चार गोलनी जिंकलो. पोरांनी धिंगाणा घातला, पोपटशेठनी पेढे वाटले, सिस्टरबाई आनंदानं रडल्या. बबनच्या हाताला बॉल फार तर दोनदा लागला असेल, तोही प्रभाकरनं लाडानं मागं दिलेला. तात्या चौकोनात कोरे उभे होते. पेढा खात म्हणाले, "ग्वाड हाय. पर पोरगं हुबंच हुतं." सर त्या दिवशी जेवले नाहीत असं बोर्डिंगच्या आचाऱ्यानं मला सांगितलं.

फायनल मिलिटरीच्या कॅम्पातल्या मैदानावर होती. मैदान आपलं नाही, तरी सर फक्कीची बादली घेऊन आले आणि चौकोन आखला. पंच होते एक सुभेदार. त्यांनी विचारलं, "ये क्या है?" सर म्हणाले, "सिव्हिलियन लोगों के लिए." सुभेदारांनी एकवार आमच्या पालकांकडे पाहिलं, मान डोलावली आणि चौकोनाला हात लावू दिला नाही.

तात्या आले ते धोतर, कोट, आणि काखेत एक कागदी पुडकं. ते सवयीनं चौकोनाकडे निघाले होते. सरांनी त्यांचा दंड धरला, मैदानाला वळसा घालून त्यांना आमच्या गोलमागं नेलं आणि तिथं स्वतःच्या हातानं खुर्ची टाकून दिली. "इथनं बघा तात्या. पोराच्या पाठीमागनं. म्हणजे त्याला काय दिसतं ते तुम्हाला दिसेल. फक्त हलू नका." इकडे चौकोनात चुळबुळ सुरू झाली. सिस्टरबाई म्हणाल्या, "आम्हाला कधी खुर्ची दिली नाही ती." मला स्वतःलाच कळेना. या माणसानं आयुष्यात पालकाला मैदानाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

पहिल्या हाफमध्ये काहीच घडलं नाही. प्रभाकर भिंत होऊन उभा होता. समोरच्यांचा बॉल आमच्या गोलपर्यंत येईचना. तात्यांनी खुर्चीत तंबाखू मळली, खाल्ली, पुन्हा मळली. सर त्यांच्याकडे बघायचे आणि कपाळ पुसायचे. हाफटाइमला मी लिंबं वाटत होतो. सरांनी प्रभाकरला बाजूला घेतलं.

"प्रभाकर, आता जरा पुढं जाऊन खेळ."

"पुढं? मग मागं कोण, सर?"

"मागं बबन आहे."

प्रभाकरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, काहीतरी डाव असेल. फुटबॉल कळणारा कुणी तिथं असता, तर त्याला त्याच क्षणी समजलं असतं की जगधने सर हातातली फायनल पणाला लावताहेत.

दुसऱ्या हाफमध्ये मात्र बबनला काम लागलं. त्यानं एक बॉल वरच्या वर काढला, एक समोरच्याच्या पायांत झोकून देऊन धरला. तात्यांची तंबाखू हातातच राहिली. ते खुर्चीच्या कडेला आले. सर दुरून त्यांनाच बघत होते. खेळ बघा, पोरगं बघू नका, असं ओरडणारा माणूस बॉल कुठं आहे ते विसरून एका बापाचं तोंड बघत होता.

मॅच संपत आली तरी कुणाचाच गोल नव्हता. तेवढ्यात समोरचा एक पोरगा बॉल घेऊन सुटला. पुढं गेलेला प्रभाकर धापा टाकत मागं आला आणि त्यानं त्याला गोलपुढं आडवा केला. सुभेदारांची शिट्टी झाली. पेनल्टी.

सुभेदारांनी सगळ्या पोरांना मागं सारलं. मधे उरले दोघंच. बॉल मारणारा आणि बबन. बबननं खाली वाकून दोन्ही हातांना माती चोळली. आणि रंभाजी तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल कळला. ते उभे राहिले, मांडीवर थाप मारली आणि ओरडले, "हां! आता लागली कुस्ती!"

पोरानं बॉल मारला. बबननं अंग डावीकडे फेकलं. फुफाटा उडाला. बॉल त्याच्या हातांवर आपटून चार हात पुढं जाऊन पडला. अडला! आमच्या चौकोनात एकच कल्ला झाला. बबन उठून बॉलवर झडप घालणार, तेवढ्यात मागून तात्या आले. दोघंच होते, समोरच्याचा डाव फसला होता, म्हणजे कुस्ती संपली होती, आणि आपलं माणूस जिंकलं की काय करायचं ते तात्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बबनला कमरेला धरून एका दमात खांद्यावर घेतलं. पुडक्यातला गुलाबी फेटा सुटून त्यांच्या पायांत लोळत होता.

"तात्या, सोडा! बॉल! बॉल!" बबन वरून पाय झाडत होता.

"वाघ हाय माजा, वाघ!" तात्या गर्रकन फिरत होते. पोरगं लाजतंय असं त्यांना वाटलं.

बॉल मारणारा पोरगा आ वासून उभा होता. कुणीतरी लांबून "मार ना!" म्हणून ओरडलं. त्यानं भीतभीत पाय लावला. बॉल हळूहळू रिकाम्या गोलमध्ये गेला.

सर धावत सुभेदारांकडे गेले. बाहेरचा माणूस आत आला, गोल धरता येत नाही, असं ते म्हणाले. सुभेदारांनी खुर्चीकडे बोट केलं. "बाहर का आदमी? वो कुर्सी किसने लगाई?"

"मैंने."

"तो फिर आप ही का आदमी है."

सर म्हणजे पाळकसाहेबांनाही प्रवचनाच्या वेळेवरून ऐकवणारा माणूस. नियमांचं पुस्तक त्याला पाठ. पण त्यानं नुसती हॅट नीट केली आणि तो परत आला. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली. आम्ही एका गोलनं हरलो.

त्यानंतर सगळा चौकोन मैदानात आला. पोरं रडत होती. प्रभाकर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता. सगळे तात्यांच्या भोवती. पोपटशेठचा आवाज चिरकला होता. "जगधने सर, आम्हाला एवढं बोलता ना? बोला आता यांना! होऊन जाऊ दे!"

तात्यांना तोवर कुणीतरी काय झालं ते सांगितलं होतं. फेट्याचं एक टोक हातात धरून ते ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. "पर त्यानं आडीवला हुता. म्या बगितलं की. आडीवला हुता त्यानं." एवढंच पुन्हा पुन्हा. त्या अंगापिंडाच्या माणसाला असं उभं बघवत नव्हतं.

आणि बबन फुटला. "तुमी आलातच कशाला? त्यांची पोरं माज्याकडं बगून हसत्यात! परत कवा यिऊ नका हितं! कवाच यिऊ नका!"

गेली कित्येक वर्षं सर पालकांना हेच सांगत होते. मला वाटलं, आता पोरगंच त्यांच्या मनातलं बोललंय म्हटल्यावर ते गप्प बसतील. सरांनी बबनचा दंड असा धरला की तो कळवळला. पण आवाज चढला नाही. आजवर त्यांची शाळेतली भाषाच मी ऐकली होती. त्या दिवशी तोंडातून खर्डा बाहेर आला.

"बापाला आसं बोलू नगं. आरं, मी बी गोलीच हुतो. बोर्डिंगात हुतो तवापासनं मिलिटरीच्या टीमपातुर, सारं आयुष्य जाळीपशी हुबा ऱ्हायलो. दर म्याचला बॉल आडीवला की मागं वळून बगायचो, येडा. कोन आलंय का म्हनून. मागं कोन असनार? कोनच नव्हतं मला." त्यांनी दंड सोडला. "माज्यासाटी येक मानूस जरी आसा आत घुसला आस्ता ना, तर मी धा गोल खाल्लं आस्तं. हसत खाल्लं आस्तं."

पोपटशेठनी सुरेशला जवळ ओढून घेतलं. लिंबाच्या साली गोळा करायचं निमित्त करून मी खाली वाकलो.

सर तात्यांकडे वळले, पुन्हा शाळेच्या भाषेत. "तुमचं काही चुकलं नाही. कुस्ती कधी संपते ते मी सांगायला हवं होतं. खुर्ची मी टाकली. फायनल मी घालवली." मग त्यांच्या ध्यानात आलं असावं की बोलणं संपलंय आणि लोक अजून आपल्याकडेच बघताहेत. ते घाईनं गोलकडे गेले आणि शाळेतून आणलेली आमची जाळी सोडायला लागले. गाठी घट्ट बसल्या होत्या. त्या सोडवायला त्यांनी पाठ आमच्याकडे केली, ती बराच वेळ तशीच ठेवली.

बबन मान खाली घालून त्यांच्या मदतीला गेला. एका खांबापाशी सर, दुसऱ्यापाशी तो. तात्या थोडा वेळ उभे राहिले, फेटा गोळा करून काखेत मारला आणि जाळीपर्यंत गेले.

"मास्तर," ते म्हणाले, "ट्रंक ऱ्हाऊ द्या बोर्डिंगातच."

सरांनी नुसती मान हलवली.

"आन् म्होरली म्याच कवा हाय?"

सर गाठीशी झटत राहिले. एक सुटली, दुसरी धरली. मग मागं न बघताच म्हणाले, "सुट्टीनंतर. पहिल्या शनिवारी. लवकर या."